पाण्याला वाट, मग सायकलला

बडोद्यात राहून डोंगरी सायकल शिकायची म्हटलं की दोन जागा सुचतात. एक पावागड, कारण तो दिसतो. दुसरी शहराबाहेरची सपाट शेतवाट, कारण ती सोपी दिसते. पावागडाचं नंतर पाहू. आधी शेतवाट, कारण गैरसमज तिथेच जास्त आहे.

इकडे शेतांमधून जाणारी, दोन्ही बाजूंना थोराचं नाहीतर बाभळीचं कुंपण असलेली खोलगट गाडीवाट असते, तिला नेळियुं म्हणतात. वर्षानुवर्षं चाकं आणि खुरं फिरून ती आजूबाजूच्या शेतांपेक्षा खाली गेलेली असते. पाऊस पडला की दोन्हीकडच्या शेतांचं पाणी तिच्यात उतरतं आणि जमीन सपाट असल्यामुळे तिथेच थांबतं. काळी माती भिजली की टायरला लपेटते, चाक आणि फोर्क यांच्यामधल्या फटीत भरते, आणि थोड्याच अंतरात चाक फिरायचंच थांबतं. दिवाळीनंतर ती वाळते तेव्हा ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या विटेसारख्या कडक झालेल्या असतात. पुढचं चाक अशा चाकोरीत शिरलं की हँडल वळत नाही. वळवण्याचा हट्ट केला की माणूस आडवा होतो. म्हणजे ज्या वाटेवर चढ नाही, उतार नाही, दगड नाही, ती नवशिक्याला जंगलातल्या बऱ्याच वाटांपेक्षा जड जाते.

कारण साधं आहे. वाट सोपी राहते ती तिच्यावरचं पाणी लवकर बाजूला गेलं तर, आणि पाणी बाजूला जायला थोडा उतार लागतो. बडोद्याची जमीन डोळ्यांना सपाट वाटते, पण पाण्याला उतार कळतो. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या आजवा तलावाचं पाणी याच नजरेत न भरणाऱ्या उतारानं शहरापर्यंत आलं. सायकलची वाट आखणाऱ्यालाही हाच उतार वाचता यावा लागतो.

टेकडीच्या अंगावरून वाट न्यायची तर तीन दिशा असतात. सरळ वरून खाली, म्हणजे पाणी ज्या रेषेनं धावतं तीच रेषा. अगदी आडवी, म्हणजे समतल रेषेवर. आणि या दोहोंच्या मधली, तिरकी. पहिली वाट दोन पावसाळ्यांत ओहोळ होते. माती वाहून जाते, गोटे उघडे पडतात, आणि चढणाऱ्याचं मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं. दुसरीवर पाणी साचतं. टिकते ती तिसरी. तिच्यासाठी वाटा बांधणाऱ्यांनी एक ठोकताळा ठरवला आहे: वाटेचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. टेकडी शंभर मीटरमागे सोळा मीटर उतरत असेल तर वाट आठ मीटरपर्यंत उतरलेली चालेल. त्याहून जास्त झाली की पाणी वाट ओलांडून खाली जात नाही, वाटेचाच ओढा करतं. आणि टेकडी कितीही उभी असली तरी वाटेचा सरासरी उतार शंभराला दहाच्या आत ठेवतात. नवशिक्यासाठी तर पाचच्या आत.

हे मोजायला फार काही लागत नाही. ज्यांनी महाराष्ट्रात 2016 ते 2019 दरम्यानच्या वॉटर कप स्पर्धेच्या श्रमदानात समतल चर खणले, त्यांच्या हातात हे हत्यार येऊन गेलेलं आहे. ए-फ्रेम, म्हणजे तीन काठ्यांचा ए अक्षराचा सांगाडा, वरच्या टोकाला दोरी आणि दोरीला दगड. दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. चर खणताना ही पातळी शोधायची. वाट आखताना त्यात थोडी लबाडी करायची. दोन पायांमध्ये दोन मीटर अंतर असेल तर एका पायाला दहा सेंटिमीटरचा ठोकळा बांधायचा. तो पाय उताराच्या बाजूला ठेवून दोरी मध्यावर आली की त्या दोन बिंदूंमध्ये शंभराला पाच असा उतार मिळाला. मग सांगाडा पुढे फिरवत जायचं, खुणेला चुना टाकत जायचा. फोनमध्ये उतार मोजायची सोय असते आणि ती बरी असते. पण सांगाडा घेऊन टेकडी चालणारा माणूस जमीन पायानं वाचतो आणि वाटेत आलेलं झाड, खडक, वारूळ आधीच पाहतो, म्हणून मला सांगाडाच पसंत आहे.

रेषा आखली की उताराच्या अंगात वाट कोरायची. वरच्या बाजूची माती खणून काढायची, पण ती खालच्या बाजूला भरून तिच्यावरून वाट न्यायची नाही, कारण भराव पहिल्या पावसात बसतो. पूर्ण रुंदी मूळच्या घट्ट जमिनीतच हवी. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कललेला ठेवायचा, शंभराला पाचाच्या आसपास. म्हणजे पाणी पातळ पदर होऊन वाट ओलांडतं. हा कल कायम टिकत नाही. चाकांनी आणि गुरांनी मधला भाग दबतो, कडेला मातीची वरंडी तयार होते आणि पाणी वाटेतच अडकतं. म्हणून दुसरी सोय आधीच करून ठेवतात: उतरत्या वाटेला मध्येच चार पावलांचा लहानसा चढ. पाणी तिथपर्यंत येतं, पुढे चढू शकत नाही, आणि बाजूला पडतं. उभ्या आणि मऊ जमिनीत असे चढ दर दहा-पंधरा मीटरवर, घट्ट जमिनीत विरळ. सायकलवाल्याला ही लहानशी लाट वाटते आणि मजा येते. ती मुळात पाण्यासाठी आहे, हे बहुतेकांना ठाऊकही नसतं.

पाण्याला मोकळीक दिली तर ते काय करतं ते बघायचं असेल तर बडोद्याच्या पश्चिमेला सिंधरोटच्या बाजूला मही नदीकाठी जावं. नदीनं वाहून आणलेल्या गाळाचे जाड थर, मऊ आणि पिवळसर, आणि त्यांत पाण्यानं कापलेल्या खोल घळी. इकडे त्यांना कोतर म्हणतात. काठावरचं सपाट शेत अचानक संपतं आणि समोर दुमजली-तिमजली घरं मावतील एवढी भेग उघडते. गुरं चरायला जातात त्या वाटा या घळींच्या कडेकडेनं तिरक्या उतरतात. त्यांच्यातल्या काही वाटा पाहून थक्क व्हायला होतं, इतक्या त्या नेमक्या उताराच्या आहेत. गाईला ठोकताळा कुणी शिकवलेला नाही. तिला चढताना कमीत कमी दमायचं असतं, एवढंच. मात्र शेळ्यांच्या वाटेवर भरवसा ठेवू नये. शेळी सरळ वर जाते.

कोतरांत सायकल शिकायला मजा आहे, पण दोन सूचना. घळीच्या काठापासून दूर राहायचं, कारण काठ खालून पोखरलेला असतो आणि वरून ते कळत नाही. आणि पावसाळ्यात, व त्यानंतरचे काही आठवडे, तिथे जायचंच नाही. गाळ ओला असताना एका सायकलची चाकोरी हाच पुढच्या पावसाला नव्या घळीचा आरंभ असतो. तिसरी गोष्ट सूचना नाही, नुसती वस्तुस्थिती: गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, तिथे सगळीकडे आहे. तिच्या काट्याबद्दल शेवटी लिहितो.

आता जंगल. बडोद्याला जंगल पूर्वेला आहे. चाळीसेक किलोमीटरवर हालोल, तिथून जवळच चांपानेर आणि पावागड. पुढे शिवराजपूर ओलांडून शहरापासून साधारण सत्तर किलोमीटरवर जांबुघोडा. पावागडाचा विचार नवशिक्यानं सोडून द्यावा. तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा डोंगर आहे, खाली बेसॉल्ट आणि वर रायोलाइट, कडे उभे आणि वाटा पायऱ्यांच्या. त्या वाटांवर महाकाळीच्या दर्शनाला निघालेली माणसं असतात. चांपानेर-पावागड हा 2004 पासून जागतिक वारसा आहे आणि तिथलं प्रत्येक ढासळलेलं जोतं पंधराव्या-सोळाव्या शतकातलं असू शकतं. तिथे चालावं, मशिदी पाहाव्यात. सायकल गाडीला बांधलेलीच बरी.

जांबुघोड्याची गोष्ट वेगळी. इथली जमीन पावागडाहून फार जुनी आहे. क्वार्टझाइट आणि फायलाइटच्या ठेंगण्या डोंगररांगा, अधूनमधून ग्रॅनाइट. टेकड्या उंच नाहीत, अंगानं गोलसर आहेत, आणि त्यांच्यामध्ये कडा आणि तारगोळ ही दोन धरणं. साग, मोह, पळस, टिमरू, बांबू. 1990 मध्ये इथलं सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य झालं. वनखात्याच्या गाड्यांसाठी केलेल्या मातीच्या वाटा इथे आहेत. जीप चढली पाहिजे आणि पावसाळ्यानंतर पुन्हा वापरता आली पाहिजे म्हणून अशा वाटा बहुधा तिरक्या आणि मंद उताराच्या असतात. नवशिक्याची पहिली जंगलवाट म्हणून अशी वाट मला सर्वांत योग्य वाटते. (शिवराजपूरच्या मँगनीज खाणींसाठी चांपानेर रोड स्थानकाहून पाणी माइन्स स्थानकापर्यंत नॅरोगेज गाडी जायची. मालानं लादलेल्या गाडीला शंभराला एक-दोन एवढाच चढ झेपतो. जगात ठिकठिकाणी बंद पडलेल्या रेल्वेच्या भरावांवर नवशिक्यांच्या सायकलवाटा झाल्या, त्या याच कारणानं.)

वाट किती अवघड हे सांगण्यासाठी जगभरात रंगांच्या खुणा वापरतात. ही पद्धत बर्फावर घसरण्याच्या खेळातून आली. 1988 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनची मापं साधारण अशी. पांढरं वर्तुळ सर्वांत सोपं: रुंदी सहा फूट किंवा जास्त, सरासरी चढ शंभराला पाचच्या आत, कुठेही दहाच्या वर नाही, पृष्ठभाग घट्ट. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपं: रुंदी तीन फूट, सरासरी चढ तेवढाच, पण एखादा तुकडा पंधरापर्यंत चालतो, आणि चुकवता न येणारा अडथळा दोन इंचांहून उंच नसावा. निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. जांबुघोड्याला असे फलक शोधत बसू नका. मापं डोक्यात ठेवली की वाट स्वतःच पारखता येते.

यातलं दोन इंचांचं माप का योग्य आहे, ते भूमितीनं कळतं. 29 इंची चाकाची त्रिज्या टायरसकट 37 सेंटिमीटरच्या आसपास. पाच सेंटिमीटर उंचीच्या दगडाची कड चाकाला लागते ती चाकाच्या तळबिंदूपासून साधारण तीस अंशांवर. दगडाचा धक्का कडेपासून चाकाच्या मध्याकडे जातो, म्हणजे बराचसा वर आणि थोडा मागे. चाक उचललं जातं आणि पुढे जातं. दगड पंधरा सेंटिमीटरचा असेल तर कोन चौपन्न अंशांच्या घरात जातो आणि धक्का वरपेक्षा मागेच जास्त बसतो. सायकल थांबते, माणूस पुढे जात राहतो. अनुभवी माणूस पुढचं चाक उचलून हा कोन कमी करतो. नवशिक्याला ते येत नाही, म्हणून त्याच्या वाटेवर तसा दगड नको. मोठं चाक का बरं, तेही इथेच कळतं: त्रिज्या वाढली की त्याच दगडाचा कोन घटतो.

जमिनीबद्दल आणखी एक. ग्रॅनाइट झिजून होणारी भरड, तांदळाएवढ्या खड्यांची वाळू घट्ट वाटेवर पातळ पसरलेली असते तेव्हा तिच्यावर वळणं म्हणजे फरशीवर सांडलेल्या मोहरीवर वळणं. अशा ठिकाणी वळणात ब्रेक धरायचा नाही. टायरजवळ जी काही पकड असते ती वळायला तरी वापरता येते किंवा थांबायला तरी. दोन्ही एकदम मागितलं की तो सुटतो. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक मोकळे.

सायकलचं फार कौतुक नको. आपल्याकडे जाड टायरची कुठलीही सायकल एमटीबी म्हणून विकली जाते. त्यांतल्या काहींचा पुढचा फोर्क फक्त दिसायला स्प्रिंगचा असतो, आणि सोबतच्या पुस्तिकेत कच्च्या वाटेवर वापरू नका असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ते वाचावं. पहिली सायकल मागे सस्पेन्शन नसलेली, पुढे शंभर मिलीमीटरच्या आसपास चाल असलेला फोर्क, डिस्क ब्रेक, सव्वादोन इंची टायर, एवढी पुरे. मागचं सस्पेन्शन वजन वाढवतं, पैसे खातं, आणि चूक झाकतं. शिकणाऱ्याला चूक जाणवली पाहिजे.

पैसे न लागणारी, पण सर्वांत जास्त फरक पाडणारी गोष्ट म्हणजे टायरमधली हवा. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सवयीनं टायर टणक करून देतो, पन्नास-साठ पीएसआय. डांबरी रस्त्याला ते ठीक. खड्यांच्या वाटेवर असा टायर प्रत्येक दगडावरून उडतो. साधारण सत्तर किलोच्या माणसानं ट्यूब असलेल्या टायरमध्ये तीसच्या आसपास ठेवून बघावं. पुढे एक-दोन कमी, मागे थोडी जास्त. टायर दगडाभोवती दबतो, जमिनीला जास्त चिकटतो. फार कमी करू नये, नाहीतर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाऊन शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

बसणं, उभं राहणं. चढावर बसून राहायचं, छाती हँडलकडे, आणि गिअर चढ लागण्याआधीच हलका करायचा. चढात जोर लावलेला असताना गिअर बदलला की साखळी कुरकुरते आणि कधी उतरते. उतारावर उलट: आसनावरून उठायचं, दोन्ही पेडल एका पातळीत, गुडघे आणि कोपर सैल, कंबर किंचित मागे. आसन तीन-चार सेंटिमीटर खाली घेतलं की मागे जायला जागा होते. नजर चाकाजवळ ठेवायची नाही. ताशी पंधरा किलोमीटरनं जाताना तुम्ही सेकंदाला चार मीटरहून जास्त कापता. चाकासमोरचा दगड दिसेपर्यंत त्याच्यावरून गेलेलेही असता. आठ-दहा मीटर पुढे बघायचं, आणि दगडाकडे न बघता दगडाच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे. सायकल नजरेमागे जाते.

पुढच्या ब्रेकची भीती बहुतेकांना लहानपणापासून असते. पण थांबवण्याचं मोठं काम तोच करतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होऊन घसरतं. एकेका बोटानं दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं, हे लक्षात ठेवलं तर ब्रेक लवकर धरायची बुद्धी होते. 1976 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या जड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावायचे. मागच्या हबमधले ब्रेक इतके तापायचे की ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं. तिथून वाढत हा खेळ 1996 मध्ये ऑलिंपिकला पोचला. तरीही नवशिक्याचा मुख्य प्रश्न अजून ब्रेकचाच आहे.

कोरडा नाला आडवा आला तर त्यात वाळू असते. वाळूत शिरण्याआधी हलका गिअर, वजन थोडं मागे, हँडल सैल, पाय थांबवायचे नाहीत. हँडल वळवलं की पुढचं चाक रुततं. उतरून ढकलत नेण्यात कमीपणा नाही.

कधी जायचं, हे आता वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात आणि ओल सुकेपर्यंत वाट वाटेला सोडायची. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम: जमीन घट्ट, हवा थंड. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग पानं टाकतो. ती ताटाएवढी कोरडी पानं खालचा दगड झाकतात, म्हणून वेग निम्मा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचायला राठवा आणि नायक आदिवासी वस्त्यांमधली बायकामुलं टोपल्या घेऊन पहाटेच निघतात. तीच फुलं खायला अस्वलंही येतात. जांबुघोड्याच्या जंगलात अस्वल आहे, बिबट्या आहे. अस्वलाला कमी दिसतं, ऐकूही कमी येतं आणि अचानक समोर आलेल्या वस्तूवर ते धावून जातं. सायकल वेगात असते आणि तिचा आवाज होत नाही, हे दोन्ही त्याच्या दृष्टीनं वाईट. त्या दिवसांत ऊन वर आल्यावर निघावं, गटानं जावं, आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवावी. समोरून डोक्यावर मोळी घेतलेली बाई आली तर थांबून, उतरून, खालच्या बाजूला उभं राहावं. वाट तिची आहे.

परवानगीचंही तसंच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरायला परवाना लागतो. त्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून जाता येतं, पण त्या रस्त्यावरून आत वळणारी मातीची वाट सार्वजनिक नाही. वनखात्याच्या रेंज कार्यालयात आधी विचारावं, कोणती वाट खुली आहे, कोणती नाही, सोबत वनरक्षक लागेल का. सूर्य मावळण्याच्या पुष्कळ आधी बाहेर पडावं. आणि सायकल धुवायला तळ्याच्या काठावर उतरू नये. विश्वामित्री नदीतल्या मगरी बडोदेकरांना नवीन नाहीत, आजव्यातही त्या आहेत, पण जंगलातलं पाणी पाहिलं की लोक हे विसरतात.

घरी आल्यावर काटे. वेड्या बाभळीचा काटा लांब आणि सरळ, तो टायर आरपार भोसकतो. सराट्याचा, ज्याला इकडे गोखरू म्हणतात, तो लहान पण कसाही पडला तरी एक टोक वर ठेवणारा. दोघांची खोड एकच: टोक मोडून टायरच्या आत राहतं. नुसती ट्यूब बदलली तर पुढच्या फेरीत पुन्हा पंक्चर. म्हणून टायर उतरवून आतून जुनं सुती फडकं फिरवायचं. फडकं जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक आहे. ते बाहेरून ढकलून चिमट्यानं ओढायचं. बोट फिरवू नका.